गृहिणी-आदर्श, एकोणिसाव्या शतकातील

गृहिणी-आदर्श, एकोणिसाव्या शतकातील : विवाहित स्त्रीने घर कसे चालवावे, पतीशी, सासरच्यांशी व मुलांशी कसे वागावे आणि तिच्या विद्येचा उपयोग कशासाठी व्हावा, यांविषयी एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात रूढ झालेली कल्पना. ‘आदर्श गृहिणी’ ही प्राचीन परंपरेने जशीच्या तशी चालत आलेली मूर्ती आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. परंतु सुशिक्षित, टापटिपीची, पतीची सहचरी आणि मुलांची पहिली शिक्षिका असे तिचे जे रूप विसाव्या शतकातील मराठी मध्यमवर्गाने गृहीत धरले, ते बव्हंशी १८४० ते १९०० या काळात घडले. जुन्या स्त्रीधर्मातील पातिव्रत्य त्यात कायम राहिले. बाकीचा पुष्कळसा भाग शाळा, छापखाना व ख्रिस्ती मिशन यांच्या द्वारा आला आणि त्यात अमेरिकेचा वाटा सामान्यतः मानला जातो त्याहून मोठा होता.

अमेरिकेत, विशेषतः तिच्या ईशान्य भागात, शतकाच्या पूर्वार्धात उत्पादन घरातून कारखान्यात गेले. पुरुषाचे कामाचे ठिकाण घरापासून वेगळे झाले व घर हे केवळ स्त्रीचे क्षेत्र ठरले. बाजारातील स्पर्धेने शिणलेल्या पुरुषाला विसावा देणारी, मुलांना नीतीचे वळण लावणारी स्त्री ही कुटुंबाची आत्मा मानली जाऊ लागली. बार्बरा वेल्टर या इतिहासकार विदुषीने १९६६ मध्ये लिहिलेल्या निबंधात, १८२०–६० या काळातील नियतकालिके व उपदेशपर पुस्तके तपासून या आदर्शाचे चार गुण सांगितले : धर्मनिष्ठा, शुचिता, आज्ञाधारकता व गृहदक्षता. फिलाडेल्फियाहून निघणारे ‘गोडीज लेडीज बुक’ हे मासिक या विचाराचे मोठे वाहन होते. १८६० च्या सुमारास त्याचा खप दीड लाखांवर गेला होता. कॅथरिन बीचर हिने १८४१ मध्ये गृहव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला आणि १८६९ मध्ये हॅरिएट बीचर स्टो या आपल्या बहिणीच्या साहाय्याने ‘द अमेरिकन वुमन्स होम’ प्रसिद्ध केला. स्वयंपाकघराची मांडणी, खेळती हवा, मुलांचे आरोग्य अशा विषयांची त्यात शास्त्रशुद्ध म्हणावी अशी चर्चा आहे. गृहिणीपदाची ही सर्वांत मोठी भाष्यकार स्वतः आजन्म अविवाहित होती व ग्रंथलेखन आणि व्याख्याने यांवर जगत होती, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. कायद्याच्या दृष्टीने मात्र या घराच्या राणीची स्थिती दुबळी होती. विवाहाबरोबर तिची मालमत्ता व मिळकत पतीच्या ताब्यात जाई. न्यूयॉर्क राज्याने १८४८ मध्ये विवाहितेचा मालमत्तेवरील हक्क मान्य केला. त्याच वर्षी सेनिका फॉल्स येथे स्त्रियांच्या हक्कांची परिषद भरली आणि तिच्या जाहीरनाम्यावर ६८ स्त्रियांनी व ३२ पुरुषांनी सह्या केल्या.

हा आदर्श महाराष्ट्रात प्रथम आणला तो अमेरिकन मराठी मिशनने. या मिशनचे काम मुंबईत १८१३ मध्ये सुरू झाले व १८२४ मध्ये त्याने मुलींसाठी शाळा काढली. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ च्या अखेरीस मुंबईत आली, पुढे अहमदनगरला गेली व १८६२ मध्ये तेथेच मरण पावली. तिची अहमदनगरची शाळा पाहून आपणास मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली, असे जोतीराव फुले यांनी नमूद केले आहे. सावित्रीबाईंनीही फरार हिच्याकडे अध्यापनाचे धडे घेतल्याचे सांगितले जाते. अशा रीतीने पुण्याच्या भिडेवाड्यात १८४८ मध्ये सुरू झालेल्या शाळेचा एक धागा न्यू इंग्लंडपर्यंत जाऊन पोहोचतो. मिशनऱ्यांच्या शाळांत वाचन, लेखन व गणित यांच्या जोडीला शिवणकाम असे. मिशनऱ्याचे घर हाही एक धडाच होता. पती-पत्नी एका टेबलाशी बसून जेवतात, चारचौघांत परस्परांशी बोलतात, एकत्र फिरावयास जातात, हे दृश्य मराठी माणसाने प्रथम तेथे पाहिले. १८४२ मध्ये अहमदनगरहून सुरू झालेल्या ज्ञानोदय या पत्राने स्त्रीशिक्षण व बालविवाह या विषयांची चर्चा सातत्याने केली.

येथील जुना स्त्रीधर्म वेगळ्या जातीचा होता. त्याचे सर्वांत पद्धतशीर विवेचन अठराव्या शतकात तंजावरच्या मराठा दरबारातील त्र्यंबकयज्वा या पंडिताने ‘स्त्रीधर्मपद्धति’ या संस्कृत ग्रंथात केले आहे. पहाटे उठण्यापासून रात्री निजेपर्यंतचा स्त्रीचा दिनक्रम त्यात धर्मशास्त्राच्या आधारे लावून दिला असून पतीची सेवा हाच स्त्रीचा मुख्य धर्म म्हटला आहे. या व्यवस्थेत घर म्हणजे पती-पत्नींचे घर नव्हे. ते सासू-सासरे, दीर-जावा, विधवा आत्या-नणंदा यांचे एकत्र कुटुंब होते. स्वयंपाकघरावर सोवळ्याओवळ्याचे नियम चालत व सत्ता सासूची असे; सुनेचा अधिकार वयाने व पुत्रप्राप्तीने हळूहळू वाढे. दिवसा पतीशी बोलणे हाच मुळी मर्यादाभंग समजला जाई. पत्नीने पतीची मैत्रीण व्हावे ही अपेक्षा या घरात नव्हती. तिने चांगली सून व्हावे ही होती.

सुधारकांनी या जुन्या घरात नवी पत्नी बसविण्याचा प्रयत्न केला. लोकहितवादींच्या शतपत्रांपासून (१८४८–५०) न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यापर्यंत सर्वांचा युक्तिवाद साधारणपणे एकच होता : शिकलेली स्त्री घर अधिक चांगले चालवील, मुलांना वळण लावील आणि सुशिक्षित पतीला विचारांत साथ देईल. हा युक्तिवाद समाजाला पटण्यासारखा होता, तसाच तो स्त्रीशिक्षणाची मर्यादा आखून देणाराही होता. पुण्यास १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल (हुजूरपागा) निघाले, तेव्हा हा पेच उघड झाला. इंग्रजी व इतर विषयांचा मुलांसारखा अभ्यासक्रम आणि दिवसभराची शाळा मुलींना घरकामापासून तोडील, असा आक्षेप लोकमान्य टिळकांच्या केसरी व मराठा या पत्रांनी घेतला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मुलीचे अंतिम स्थान घर आहे, याबद्दल दोन्ही पक्षांत फारसा मतभेद नव्हता. वाद होता तो त्या स्थानासाठी किती व कोणती विद्या लागते याबद्दल.

या प्रयोगाची किंमत प्रत्यक्षात कोणी दिली, हे रमाबाई रानडे (१८६२–१९२४) यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या पुस्तकावरून कळते. अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, त्या रानड्यांच्या घरी आल्या आणि पतीने त्यांना रात्री लिहावयास-वाचावयास शिकविण्यास आरंभ केला. पतीची आज्ञा पाळावी तर घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष, आणि त्यांची मर्जी सांभाळावी तर पतीची नाराजी, अशा कैचीत त्यांची कित्येक वर्षे गेली. वरच्या मजल्यावर इंग्रजीचे पाठ आणि खालच्या मजल्यावर अबोला व टोमणे अशी ही विभागणी होती. सभेला जाऊ नये, गेलीस तरी बोलू नये, असे बायकांचे सांगणे. सभेला गेलेच पाहिजे, असे पतीचे. दोन्ही आज्ञा तिला पाळावयाच्या होत्या, कारण आज्ञापालन हा गुण जुन्या व नव्या दोन्ही आदर्शांना समान होता. रमाबाईंनी हे सारे कोणासही दोष न देता सांगितले आहे. त्यामुळेच ते अधिक बोलके झाले आहे. हरि नारायण आपटे यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो!’ (१८९०–९३) या कादंबरीत हाच पेच दुसऱ्या बाजूने मांडला. नायिका यमू हिचे खरे सुख तिच्या पतीबरोबर मुंबईस थाटलेल्या लहानशा स्वतंत्र बिऱ्हाडात आहे. मराठी कथावाङ्मयात दोघांच्या संसाराचे इतके आर्जवी चित्र त्यापूर्वी आले नव्हते. पतीच्या मृत्यूनंतर ती एकत्र कुटुंबात परत येते आणि तिचे सक्तीने केशवपन होते.

घरकामाचे ज्ञानही याच काळात सासूच्या तोंडून छापील पानावर येऊ लागले. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ हे पाककृतींचे पुस्तक १८७५ मध्ये निघाले. ते पुरुषाने लिहिले होते. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० मध्ये आले. नोकरीनिमित्त परगावी बिऱ्हाड केलेल्या, घरात वडील स्त्री नसलेल्या सुनेला अशा पुस्तकांची गरज होती. बिऱ्हाड हा शब्द या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे : नव्या गृहिणीचा जन्म वाड्यापेक्षा बिऱ्हाडात अधिक झाला.

ज्या स्त्रियांनी अमेरिका प्रत्यक्ष पाहिली, त्यांची साक्ष या विषयात विशेष मोलाची आहे. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) या ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या. त्यांचे पती गोपाळराव यांचे साहाय्याची याचना करणारे पत्र प्रिन्स्टनच्या ‘मिशनरी रिव्ह्यू’ मध्ये छापून आले होते. ते वाचून न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी पत्रव्यवहार सुरू केला व पुढे आनंदीबाईंना आपल्या घरी ठेवून घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. उत्तम अमेरिकन गृहिणीचे घर त्यांनी आतून पाहिले ते हे. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी लुगडे व शाकाहार सोडला नाही. कडक थंडीत, अपुऱ्या आहारावर, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करून त्यांनी अभ्यास केला आणि ११ मार्च १८८६ रोजी एम्. डी. ही पदवी मिळविली. जगाच्या दृष्टीने त्या पतीच्या प्रोत्साहनाने शिकलेल्या आज्ञाधारक पत्नीचा आदर्श होत्या. अभ्यासासाठी पतीने लहानपणी लाकडाने केलेल्या मारहाणीची आठवण मात्र त्यांनी अमेरिकेतून त्यालाच लिहिलेल्या पत्रात करून दिली आहे. हे पत्र लिहिण्यास सातासमुद्रांचे अंतर लागले. पदवी मिळाल्यावर वर्षभरातच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या रक्षेचा अंश कार्पेंटर कुटुंबाच्या पोकीप्सी येथील स्मशानभूमीत ठेवण्यात आला. १८८८ मध्ये कॅरोलाइन डॉल हिने इंग्रजीत व १८८९ मध्ये काशीबाई कानिटकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. अल्पायुषी डॉक्टर स्त्रीवर दोन खंडांत दोन स्त्रियांनी लागोपाठ चरित्रे लिहावी, ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

आनंदीबाईंच्या पदवीदानास पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांच्या दोन मराठी पुस्तकांतील अंतर सातच वर्षांचे आहे, पण विचारांचे अंतर फार मोठे आहे. ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) हे नव्या गृहिणीसाठी लिहिलेले उपदेशपर पुस्तक असून त्यात विद्या, स्वावलंबन, नीटनेटकेपणा, पतिसेवा व अपत्यसंगोपन यांची शिकवण आहे. त्याच्या उत्पन्नाचा इंग्लंडच्या प्रवासखर्चास हातभार लागला. ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ (१८८९) या ग्रंथात त्यांनी अमेरिकन घराचे व कुटुंबाचे कौतुकाने वर्णन केले. परंतु त्यांचे खरे लक्ष वेधून घेतले ते घराबाहेर पडलेल्या स्त्रियांनी. स्त्रियांची महाविद्यालये, मद्यपानविरोधी संघटना, सभा, निधी व सहकार्य यांचा तपशील त्या बारकाईने देतात. घराचे पावित्र्य राखणे हे स्त्रीचे काम असेल, तर दारूच्या गुत्त्याविरुद्ध सार्वजनिक चळवळ करणे हेही तिचेच काम ठरते, हा अमेरिकन स्त्रियांचा युक्तिवाद त्यांनी चांगला ओळखला. घराच्या आदर्शातूनच घराबाहेर पडण्याची वाट निघाली होती. वर्णद्वेष व तेथील आदिवासींवरील अन्याय यांवर टीका करण्यासही त्या कचरल्या नाहीत. फिलाडेल्फियात शिकलेली फ्रोबेलची बालोद्यान-पद्धती त्यांनी बरोबर आणली आणि बॉस्टनमध्ये १८८७ च्या अखेरीस स्थापन झालेल्या मंडळाच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले.

शारदा सदनाचे महत्त्व असे, की गृहिणी-आदर्शात जिला मुळीच जागा नव्हती तिच्यासाठी ते होते. विधवेला पती नाही, म्हणून घर नाही. ती कोणाच्या तरी घरात राबणारी. सदनातील पहिली विद्यार्थिनी गोदूबाई ही बालविधवा पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये विवाहबद्ध झाली व आनंदीबाई कर्वे म्हणून प्रसिद्धी पावली. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. १९१६ मध्ये जपानच्या महिला विद्यापीठाचा आदर्श पुढे ठेवून त्यांनी जे विद्यापीठ स्थापन केले, त्यात मातृभाषेतून शिक्षणाबरोबरच गृहजीवनशास्त्राला महत्त्वाचे स्थान होते. विधवेसाठी सुरू झालेले कार्य अखेर गृहिणीच्या अभ्यासक्रमापाशी आले. याला तडजोड म्हणावे की व्यवहारज्ञान, याविषयी मतभेद राहतील.

आदर्शावर समोरून प्रहार केला तो ताराबाई शिंदे यांनी. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येबद्दल १८८१ मध्ये झालेली शिक्षा व त्यानिमित्त वृत्तपत्रांनी केलेली स्त्रीनिंदा यांनी संतप्त होऊन वऱ्हाडातील बुलढाण्याच्या या लेखिकेने ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) हा निबंध लिहिला. पातिव्रत्य एकट्या स्त्रीलाच का, पत्नी मेल्यावर पुरुष तोंड काळे करून रानात का जात नाही, असा त्यांचा सरळ सवाल आहे. त्यांची भाषा सुधारकांच्या सौम्य गद्याहून निराळी, बोलीतील तडफ असलेली आहे. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’ मध्ये त्यांची पाठराखण केली. पुढे हे पुस्तक विस्मृतीत गेले, स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा उजेडात आणले. त्याच दशकातील रखमाबाईंचा खटला (१८८४–८८) हाही याच प्रश्नाचा न्यायालयातील अवतार होता. संमतीवाचून लहानपणी झालेल्या विवाहामुळे पतीच्या घरी राहण्याची सक्ती करता येते काय, हा तो प्रश्न. १८८७ मध्ये न्यायालयाने सासरी जाणे किंवा तुरुंगवास असा निर्णय दिला, तेव्हा रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर पतीने दोन हजार रुपये घेऊन दावा सोडला. लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या.

या सर्व चर्चेत गृहीत धरलेले घर मात्र मूठभर कुटुंबांचे होते. अमेरिकेत ‘खऱ्या स्त्रीत्वा’चे गोडवे गाइले जात असताना लोवेलच्या कापडगिरण्यांत तरुण मुली राबत होत्या आणि दक्षिणेत गुलाम स्त्रीला स्वतःच्या मुलावरही हक्क नव्हता. महाराष्ट्रातील तफावत फुल्यांच्या शाळेतील मुक्ता या चौदा वर्षांच्या मांग मुलीने दाखवून दिली. १८५५ मध्ये ज्ञानोदयमध्ये छापलेल्या तिच्या निबंधात, आपल्या स्त्रियांना बाळंतपणी डोक्यावर छप्परसुद्धा नसते, थंडीपावसात त्यांचे किती हाल होतात, असे तिने लिहिले आहे. टापटिपीच्या घरावरील सर्व उपदेशपर पुस्तकांच्या शेजारी हे एक वाक्य ठेवून पाहावे. शेतात, गिरणीत, बाजारात काम करणाऱ्या बहुजन स्त्रियांना घराबाहेर पडण्याची परवानगी मागावी लागली नाही. त्यांना घरात बसण्याची सवड नव्हती.

मराठवाड्याची कथा आणखी निराळी आहे. परभणी जिल्ह्यातील जिंतूरसारखी तालुक्याची गावे त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती व १९४८ पर्यंत तेथेच राहिली. पुण्या-मुंबईची वृत्तपत्रे, मुलींच्या शाळा व इंग्रजी कायदे यांच्या कक्षेबाहेरचा हा प्रदेश. संमतिवयाचा १८९१ चा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता, संस्थानाच्या दरबारी भाषा उर्दू झाली होती आणि रेल्वे परभणीला शतकाच्या अखेरीस पोहोचली. जिंतूर तर लोहमार्गापासून दूरच राहिले. छापील गृहिणी येथे उशिरा आली. परंतु घर व स्त्री यांवरील विचार येथे नव्हता, असे मात्र नाही. याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईंनी दळण, कांडण, पाणी भरणे, झाडलोट या कामांतच विठ्ठलाचा सहवास पाहिला. जनाबाई कोणाची पत्नी नाही, गृहिणी नाही, नामदेवांच्या घरची दासी आहे. काम तिचे आहे, घर तिचे नाही आणि देव त्या कामात हात लावतो. स्त्रीधर्माच्या कोणत्याही पोथीत न बसणारी ही कल्पना बायकांच्या जात्यापर्यंत पोहोचली होती. पहाटे दळताना गाइलेल्या ओव्यांत माहेरची ओढ, सासूचा जाच, भावाची वाट, लेकीचा जन्म व पतीविषयीची माया आणि तक्रार हे सारे एकत्र येते. हेमा राईरकर व गी पॉइटव्हँ यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एक हजाराहून अधिक गावांतून अशा लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांत परभणी जिल्ह्यातील स्त्रियांच्या ओव्याही आहेत. सुधारकांनी ज्यांना अज्ञ म्हटले त्या बायका आपल्या संसाराविषयी काय म्हणत होत्या, हे मुख्यतः याच ओव्यांवरून समजते. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा त्यांचे रोजचे श्रम वाचले, आणि जात्याबरोबर ते गाणेही मागे पडले.